भावकू फिटरची कडी

काकतीच्या भावकूचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा, असं म्हणणारे त्याला नीट ओळखत नव्हते. नाकापर्यंत यायलाही रागाला थोडी वाट चालावी लागते. भावकूचा राग थेट हातातच असायचा. बोलता बोलता तो गप्प झाला की समोरच्यानं दोन पावलं मागं सरावं, हे बेळगावच्या खडेबाजारापासून निपाणीपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. सायकलवाल्याला मार, हमालाला मार, उधारी मागायला आलेल्या चुलतभावाला मार. घरी बायको मालुबाई, तिच्याही वाट्याला यायचंच. वर शहाणा म्हणायचा, "मी न्हाय गं मारलं, हात सुटला." जसा काही हात भाड्यानं आणलेला होता.

तरी लोक त्याला बोलवायचे, कारण बेकरीच्या भट्टीचं दार दुरुस्त करणारा दुसरा माणूस त्या पट्ट्यात नव्हता. विटांची भट्टी सहसा दगा देत नाही. मरतं ते तिचं दार. रोजच्या आगीनं लाकडी मूठ कोळसा होते, बिजागरी वाकते, कडी अडकते. भावकू जळकी मूठ काढून तिथं जाड तारेचं वेटोळं बसवायचा. त्यातून वारा खेळतो, म्हणून हाताला चटका कमी बसतो. कडी मात्र तो मुद्दाम ढिली ठेवायचा. भट्टी थंड असताना ती खुळखुळायची. गिऱ्हाईक म्हणायचं, हे कसलं काम? भावकू म्हणायचा, "लोखंड तापलं की फुगतंय. आता घट्ट बसवली तर उद्या दार उघडायला पोलीस बोलवाय लागतील." एवढ्यावर समजलं तर ठीक, नाहीतर हात होताच.

अशा माणसाबरोबर कोण काम करणार? चार गडी आले नि पळाले. टिकला एकटा अडिवेप्पा. सौंदत्तीकडचा, भावकूपेक्षा वयानं मोठा, घण उचलला की खाली ठेवायचं विसरणारा. त्याला मराठी येत नव्हती. भावकूला कानडी चांगली येत होती, काकतीच्या माणसाला ती यावीच लागते. त्यामुळे दोघांचं सगळं काम कानडीत चाले. घण हाण, विस्तव वाढव, चिलका तेगी. चिलका म्हणजे कडी, आणि तेगी म्हणजे काढ. भावकूनं त्याच्यावर एकदा हात उगारला होता. अडिवेप्पानं तो वरच्यावर धरला, हसला आणि सोडून दिला. त्या दिवसापासून भावकूनं आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी अण्णा म्हणायला सुरुवात केली. आपल्याला सांभाळून घेणारा माणूस भेटला, हे त्याला कळलं होतं. तेवढी अक्कल त्याला होती.

निपाणीला मारुतीरावांची बेकरी होती. तिथला मुकादम परशराम. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी भावकूनं त्या भट्टीचं दार नवं करून दिलं आणि रीतीप्रमाणे कडी ढिली ठेवली. परशरामला ती खुळखुळ सहन होईना. भावकू गेल्यावर त्यानं हातोडी घेतली आणि कडी ठोकून घट्ट केली. भट्टी तापल्यावर कडी अशी बसली की दार निघेना. लग्नाच्या ऑर्डरीचा सगळा माल आत काळा ठिक्कर पडला. परशरामनं मालकाला सांगितलं, काकतीच्या भावकूचं काम हे असलंच.

भावकूला बोलावणं गेलं. आला, कडीवरचे हातोडीचे घाव बघितले, आणि गप्प झाला. परशराम नवखा, त्याला मागं सरायचं माहीत नव्हतं. मालक, भट्टीवाले, गिऱ्हाइकं, सगळ्यांसमोर भावकूनं त्याच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की तो पिठाच्या पोत्यांवर जाऊन पडला. वर ओरडला, "परत माझ्या कडीला हात लावलास तर हात तोडीन!" हे वाक्य वीसेक माणसांनी ऐकलं. पुढं कोर्टात त्यातल्या निम्म्यांनी ते जसंच्या तसं सांगितलं.

मारुतीरावांनी मध्ये पडून भांडण मिटवलं आणि भावकूला म्हणाले, झालं गेलं विसर, आजच्या आज दार नीट कर. भावकू म्हणाला, भट्टी गार होऊ द्या. मालक म्हणाले, भट्टी गार केली तर उद्याचा पाव काय तुझ्या बापाच्या चुलीवर भाजू? विस्तव ओढून बाहेर काढला, पण विटा लालच होत्या. गोणपाट ओलं करून भावकूनं हाताला गुंडाळलं आणि कामाला लागला. दार आपोआप मिटत होतं, म्हणून त्यानं अडिवेप्पाला पाचर तासायला सांगितलं. अडिवेप्पा कोपऱ्यात सरपणाची कुऱ्हाड घेऊन बाभळीचं लाकूड तासत बसला.

परशराम पोत्यांपाशी उभा होता. गाल सुजलेला. पिठानं पांढरं झालेलं तोंड त्यानं अजून पुसलंसुद्धा नव्हतं, आणि पोरं त्याच्याकडं बघून हसत होती. भावकूनं चौकटीच्या आतली पट्टी चाचपायला उजवा हात दारातून आत घातला. तेवढ्यात परशराम धावला आणि सगळ्या अंगानं त्यानं दारावर धडक दिली.

लोखंडाचं दार, मागं विटांचा थर. चौकट आणि दार यांच्यामध्ये भावकूचा हात चेचला गेला. जिथं कडी अडकते ती पट्टी वाकून आत घुसली आणि कडी खाली पडून फसली. परशरामनंच ती घट्ट केलेली होती. भावकूनं डाव्या हातानं ती उचलायला बघितली, हलेना. आत बोटं भाजत होती. ओलं गोणपाट चर्र वाजलं आणि मांसाचा वास सुटला. परशराम दाराला पाठ लावून उभाच होता, दात ओठ खात.

भावकू ओरडला, "अडिवेप्पाण्णा! कडी! कडी!"

आता, कानडीत 'कडि' म्हणजे तोड. छाट. सौंदत्तीच्या माणसाला दुसरी कुठली कडी माहीत असणार? अडिवेप्पा उठला. दोन ढांगांत आला आणि कुऱ्हाड खाली आणली. पहिला घाव परशरामच्या खांद्यावर बसला, दुसरा कोपराच्या वर. परशरामनं एक विचित्र आवाज काढला आणि खाली बसला. रक्त पिठावर उडालं, पिठाचा चिखल झाला. भावकू अजून ओरडतच होता, "कडी! अगा कडी!" म्हणून अडिवेप्पानं तिसऱ्यांदा कुऱ्हाड उचलली. तेवढ्यात पाव मोजणारी शेवंताबाई सरपणाचा ओंडका घेऊन पुढं धावली. "अरं मुडद्या, कडी काढ म्हणतोय त्यो!" असं किंचाळत तिनं खालून दणका घातला आणि कडी उडाली. दार उघडलं. भावकूचा हात बाहेर आला तेव्हा तो हात म्हणण्यासारखा राहिला नव्हता.

भावकूची तीन बोटं गेली. परशरामचा हात कोपराच्या वरून कापावा लागला. शेवंताबाईला त्यानंतर बरेच दिवस पिठाला हात लावला की उलटी यायची.

खटला बेळगावला उभा राहिला. पोलिसांचं म्हणणं सरळ होतं. भावकूनं आधी हात तोडण्याची धमकी दिली आणि मग अडिवेप्पाकडून तोडवला. भावकूचा वकील म्हणाला, "घाबरू नकोस. तू मराठी माणूस, मराठीत ओरडलास. कडी म्हणजे दाराची कडी. शेवंताबाईची साक्ष आहेच. तू सुटलास."

"आणि अडिवेप्पा?"

"त्यानं चुकीचं ऐकलं. ते त्याचं तो बघेल."

मालुबाई भेटायला आली तेव्हा तीही तेच म्हणाली. "कडी म्हंजे कडीच सांगा. आनि काय हुतं त्यात? पोरगी लग्नाला आलीया. तुमचा हात गेलाय, आता तुमी बी गेल्यावर मी कुनाच्या दारात उभी राहू?" तिचं म्हणणं खोटं नव्हतं. भावकूनं मान डोलावली.

पण कोठडीत बसून तो दुसराच विचार करत होता. हात पेटलेला असताना माणूस आईच्या भाषेत ओरडतो, म्हणजे ती कडीच असणार. बरोबर. पण हाक मारली अडिवेप्पाला. आणि इतक्या वर्षांत अडिवेप्पाला त्यानं कडीला कधी कडी म्हटलं नव्हतं. चिलका म्हटलं होतं, दिवसातून शंभरदा. कडी काढायची होती तर तोंडातून चिलका का आलं नाही? आणि त्या क्षणी परशरामचं पिठानं पांढरं झालेलं तोंड वीतभर अंतरावर होतं. ते त्याला दिसत होतं. आपल्याला काय हवं होतं? भावकूनं खूप खोदून बघितलं. दोन्ही भाषा त्याच्याच होत्या, आणि कुठलीही हात वर करायला तयार नव्हती.

अडिवेप्पाला मात्र कसलीच शंका नव्हती. पोलिसांना त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं तेच शेवटपर्यंत सांगितलं. "अंव कडि अंद. ना कडदे." तो तोड म्हणाला, मी तोडलं. तक्रार नाही, पश्चात्ताप नाही. भावकूचा जीव जात होता, भावकूनं सांगितलं, संपला विषय. त्या एका गोष्टीवर तो रात्री शांत झोपत होता.

कोर्टात वकिलानं कानडीतून फोड करून सांगितलं की मराठीत कडी म्हणजे चिलका. भावकू फक्त चिलका काढ म्हणत होता. या माणसानं काही कारण नसताना एकाचा हात तोडला, आणि ज्याला वाचवायचं त्याचा हात आत जळत ठेवला.

हे ऐकताना अडिवेप्पाचं तोंड उघडंच राहिलं. एवढा आडदांड माणूस, पण पिंजऱ्याचा कठडा धरून उभा राहिला. त्यानं हळूच मान वळवली आणि भावकूकडं बघितलं. "हौदेनु?" त्यानं विचारलं. खरं का रे? जजसाहेबांनी त्याला गप्प बसायला सांगितलं, पण त्यानं भावकूवरची नजर काढली नाही.

मग जजसाहेबांनी भावकूला विचारलं, तुला यावर काय सांगायचं आहे. वकील खाली बघून हसत होता. मालुबाई मागच्या बाकावर पदर तोंडाला लावून बसली होती. भावकूनं फडकं गुंडाळलेला हात कठड्यावर ठेवला.

"साहेब," तो कानडीत म्हणाला, "ह्या अण्णाशी मी आजवर कधी मराठीत बोललोच न्हाय."

वकिलाच्या हातातला कागद खाली पडला. जजसाहेबांनी पुन्हा विचारलं, याचा अर्थ तुला कळतो का. भावकू म्हणाला, कळतो. मी तोड म्हणालो. त्यानं माझं ऐकलं.

अडिवेप्पानं लांब श्वास सोडला आणि कठडा सोडला.

शिक्षा दोघांनाही झाली. भावकूला मोठी, कारण सांगणारा तो. व्हरांड्यात पोलिसांनी जरा वेळ थांबू दिलं तेव्हा मालुबाई पुढं आली. ती रडत नव्हती, संतापली होती. इतकी वर्षं मार खाल्ला, पण असा मार तिला कधी बसला नव्हता.

"खरं सांगा. काय म्हनालतासा तुमी?"

"हात जळत हुता गं. मला खरंच ठाव न्हाय."

"मग असं का सांगितलंसा?"

भावकूनं पुढं चाललेल्या अडिवेप्पाकडं बघितलं.

"त्येनं माझ्याकडं बघून इचारलं, मालू. त्येला काय सांगू, उगंच तोडलंस म्हनून?"