फॉन्टवाल्याला पोस्टकार्ड

एक फॉन्ट टाकायला पाच मिनिटं पुरतात. आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या भाऊंना तास लागतो. मोफत फॉन्टसोबत एक छोटी फाइल येते, ती कुणीच उघडत नाही. भाऊ ती उघडतात आणि पडद्यावर बोट फिरवत शेवटपर्यंत वाचतात. मी ‘मान्य’ दाबायला गेलो की माझा हात माउसवरून हळूच बाजूला करतात.

“मानूस फुकट दी ऱ्हायना सर, त्यानं म्हननं तरी आयकी ल्या.”

एकदा अशाच फाइलमध्ये फॉन्ट बनवणाऱ्याने लिहिलं होतं, ‘आवडला तर तुमच्या गावाचं पोस्टकार्ड पाठवा.’ मी हसलो. भाऊंनी मात्र पत्ता वहीत उतरवून घेतला.

आठवड्याने दुकानात गेलो, तर ते जाड कागदावर फोटो छापत होते. पथारीवर वाळणाऱ्या लालभडक मिरच्या, आणि खाली त्याच फॉन्टमध्ये ‘नंदुरबार’.

कार्ड जाऊन आता चार महिने झाले. काल मी विचारलंच, “भाऊ, जवाब उना का त्याना?”

भाऊंनी माझ्याकडे नवलाने पाहिलं.

“त्याना कसाना जवाब, सर? त्यानी तं फॉन्ट पहिलेच दी टाकेल शे. जवाब तं मन्हा बाकी व्हता.”