जेवणाच्या ताटातला उजेड

बायको जाऊन वर्ष होत आलं. भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो आहे, पण मला तो आवडत नाही. त्यात ती मास्तरणीसारखी तोंड करून बसली आहे. ती तशी नव्हतीच. खिदळणारी बाई होती ती. म्हणून खाटेसमोर मी दुसराच फोटो लावला आहे, देवळातला.

सत्तर सालाच्या आधीची गोष्ट. मी शहरातल्या सदर भागात एका फोटो स्टुडिओत फोटो धुवायचो. शिक्षण चौथी. मालक कॅमेऱ्याला हात लावू देत नसे. एकदा खापा गावापलीकडच्या जंगलातल्या पडक्या देवळाचं काम आलं आणि नेमकी मालकाची कंबर धरली. तो म्हणाला, "आतली नाचणारी मूर्ती साफ आली, तर उद्यापासून तू फोटोग्राफर. नाही तर जन्मभर धूत बस."

बायको म्हणाली, "मले बी न्या."

एसटीने गेलो, मग पायी. वडाच्या मुळ्यांनी दगड असे आवळले होते, की झाड तोडलं असतं तर देऊळच बसलं असतं. मी तर खुळावलो. बाहेरूनच फोटो काढत सुटलो. रिळात शेवटचा एक उरला, तेव्हा भानावर आलो. मूर्ती राहिली होती, आणि आत भरदुपारी काळोख. फ्लॅश मालकाने दिला नव्हता.

कपाळाला हात लावून बसलो.

"पहिले जेवून घ्या. उपाशी बसल्यानं उजेड पडते का?" म्हणत तिने पायरीवर ताट काढलं. लग्नात इतवारी बाजारातून आणलेलं स्टीलचं ताट, राखेने घासून घासून आरसा केलेलं. त्यावरचं ऊन सरळ आत गेलं आणि मूर्तीच्या तोंडावर पडलं.

"हलू नको वं! तशीच बस!"

"भाकर बी नको वाढू?"

"ताट धर फक्त!"

स्टँड लावला, काळोख म्हणून शटर बराच वेळ उघडं ठेवलं. तेवढ्यात वानराने भाकरीचं फडकं पळवलं. बाई लागली हसायला. ताट हलू लागलं. उजेड मूर्तीवर, भिंतीवर, छतावर नाचायला लागला.

"हासू नको, मूर्खे!"

"मी कुठं हासून राहिली? ताट हासून राहिलं!"

संपलं सगळं, असं वाटलं. उपाशीपोटी परतलो. मी तरातरा पुढे चालत होतो, आणि ती मागे पदर तोंडात कोंबून हसतच होती.

दुसऱ्या दिवशी लाल दिव्याखाली फोटोचा कागद औषधाच्या पाण्यात हलवत होतो. आधी पाय उमटला, मग कंबर, मग कोपऱ्यातली वेलबुट्टीसुद्धा. उजेड हलल्यामुळे तो कुठे गोळा झाला नव्हता, सगळीकडे सारखा पसरला होता.

मालकाने फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. "दिवा कोणी धरला होता बे?"

"बायकोनं. जेवणाचं ताट."

त्याने कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या गळ्यात घातला. "तिले बी नेत जा मग."

नेलं. जिथे पडकं देऊळ, तिथे ती आणि तिचं ताट. भाकरी मात्र त्यानंतर ती पदरात घट्ट बांधून ठेवायची.

परवा सून खाटेसमोरच्या त्या मूर्तीच्या फोटोपुढे उभी होती. "बाबा, यात आई कुठं आहे?"

मी म्हटलं, "हासून राहिली न वं. दिसत नाही का तुले?"