फिल्टरवरचं फडकं

ऐंशीच्या दशकात वर्ध्याला आरटीओच्या पासिंगच्या मैदानात तो टॅक्सीवाला मला एकदाच भेटला. काळा धूर सोडते म्हणून इन्स्पेक्टरने त्याची जुनी टॅक्सी नापास केली होती. मी नव्या स्कूटरच्या नंबरासाठी थांबलो होतो. प्लग पुसता पुसता तो अर्धं माझ्याशी, अर्धं इंजिनाशी बोलत होता.

"पोरगी नर्सिंगले नागपूरले जातो म्हणते. मी नाई म्हटलं. तिथं कोणाच्या भरोशावर ठेवू?"

प्लग झाले, कार्बोरेटर झाला, धूर तसाच. शेवटी त्याने एअर फिल्टर उघडला आणि कपाळावर हात मारून घेतला. त्याची गाडी सिंदीला कापसाच्या जिनिंग कारखान्यासमोर उभी राहायची. कापसाचे तंतू आत जाऊ नयेत म्हणून त्यानेच फिल्टरला लुगड्याचं दुहेरी फडकं गुंडाळलं होतं. त्यावर कापूस बसून बसून गादी झाली होती.

"जपाले गेलो न् मीच हिचा गळा दाबला, भाऊ."

फडकं काढून गाडी सुरू करताच धूर विरळ होत थांबला. पण इन्स्पेक्टरला बोलवायला तो उठला नाही. फडक्यावरचा कापूस चिमटीने काढत तसाच बसला. मग वर न बघता म्हणाला, "नागपुरात पोरींचं होस्टेल कसं असते? तुमी पाह्यलं काय?"