सात पिढ्यांचं भलं आणि साखळीची कप्पी

मेस्त्रींची जीभ आणि मेस्त्रींचा घण, या दोन गोष्टींपासून चार हात लांब राहावं, असं ट्रकवाले एकमेकांना सांगत असत. घणाचं एक बरं होतं, संध्याकाळी तो पेटीत जायचा. जिभेला पेटी नव्हती.

माणूस मात्र बावनकशी. पत्र्याची शेड, शेडच्या मागे दोन खोल्यांचं घर, मध्ये एक दार, एवढ्यातच त्यांचा जन्म गेला. बंद पडलेल्या गाडीच्या पोटाला कान लावून ते दुखणं सांगायचे, आणि सांगितलेलं कधी चुकायचं नाही. पण एखादा नट गंजलेला निघाला, की त्या नटाच्या आईपासून सुरुवात व्हायची. नटाला आई नसते हे त्यांनाही मान्य होतं. पण राग काढायचा म्हटला की नातेवाईक लागतातच.

त्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत, कागद नासेल. इतकंच सांगतो की त्या शिव्यांवर अख्ख्या शेडचं काम चालायचं. मेस्त्रींच्या हाताखाली एक वेल्डर होता, त्यांच्याच वयाचा. वीस वर्षं ठोकाठोकी ऐकून त्याचे कान निम्मे गेले होते. शब्द त्याच्यापर्यंत पोहोचत नसत, चाल तेवढी पोहोचायची. तोकडी, एका दमात संपणारी शिवी आली की तो दहा-अकराचा पाना पुढे करायचा. बापापाशी जरा थबकून पुढे जाणारी आली की घण. आणि सात पिढ्यांना कवेत घेणारी, शेवटी वर वर चढत जाणारी लांबलचक शिवी आली, की इंजिन उचलायचं आहे हे ओळखून तो तुळईवरची साखळीची कप्पी ओढत आणायचा. वीस वर्षांत एकदाही चुकला नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं, ते नातीने बिघडवलं. मेस्त्रींची लेक दोन गल्ल्या सोडून नांदत होती. तिची अडीच वर्षांची पोर, तिला सगळे चिमणी म्हणत, दुपारची आजी-आजोबांकडे असायची. आडव्या पाडलेल्या टायरवर बसून ती आजोबांचं काम बघायची. आता पोरं डोळ्यांनी बघतात की कानांनी, हे मोठ्यांच्या लवकर ध्यानात येत नाही.

चिमणीचे दुसरे आजोबा निवृत्त हेडमास्तर. एके दिवशी त्यांच्याकडे पाच-सहा जुने शिक्षक चहाला जमले होते. मास्तरांनी कौतुकाने नातीला लाकडी घोडा दिला. घोड्याचं चाक निखळलं. चिमणीने घोड्याकडे बघितलं, कमरेवर हात ठेवले आणि बापापाशी थबकणारी ती शिवी अगदी स्पष्ट, सुरात आणि एकही अक्षर न गाळता घोड्याला घातली. एका मास्तरांचा चहा नाकातून आला. हे कुणी शिकवलं, असं हेडमास्तरांनी विचारल्यावर पोरीने मोठ्या अभिमानाने सांगितलं, "आबांनी."

लेक दुसऱ्या दिवशी सकाळी आली ती एकटीच. आरडाओरडा केला असता तर मेस्त्रींना बरं वाटलं असतं, त्यांना त्याची सवय होती. ती हळू आवाजात बोलली.

"बाबा, महिनाभर तुमच्या तोंडून एक शिवी बाहेर पडता कामा नये. तोवर चिमणी या उंबऱ्याच्या आत येणार नाही. आई साक्षीला आहे."

लहानसहान शिव्या चालतील का, असं मेस्त्रींनी विचारून बघितलं. लेक वळून चालू लागली. त्या वळण्यात उत्तर होतं.

ती गेल्यावर मेस्त्रींना टायरखाली चिमणीच्या चपला सापडल्या. तळहाताएवढ्या, एकीचा पट्टा चावलेला. त्यांनी हत्यारांच्या पेटीतला वरचा कप्पा रिकामा केला, पुसला, त्यात जुनं वर्तमानपत्र घातलं आणि चपला त्यात ठेवल्या. तीस वर्षांत त्या पेटीत ग्रीस न लागलेली तेवढी एकच जागा.

मग ते ट्रकखाली सरकले आणि देवाशी बोलले. देवाशी बोलायची त्यांची हीच जागा. त्यांचं म्हणणं असं, की पाठीवर निजावं, तोंड वर करावं, म्हणजे आपण आणि देव यांच्यामध्ये फक्त एक ट्रक उरतो.

"देवा," ते म्हणाले, "मी वाईट माणूस नाही हे तुला ठाऊक आहे. मी फक्त तसा ऐकू येतो. तेवढी जीभ दुरुस्त कर."

तेवढ्यात वरून जळक्या ऑइलचा थेंब नेमका डोळ्यात पडला. मेस्त्रींचं तोंड उघडलं, आणि उघडल्या तोंडात त्यांनी हातातलं फडकं कोंबलं. परीक्षा सुरू झाली, एवढं त्यांना कळलं.

पहिले चार दिवस त्यांनी मौन धरून बघितलं. शिव्या आत साचून गाल फुगले, डोळे बाहेर आले, आणि काम तर ठप्पच झालं. "जरा दहा-अकराचा पाना देता का," असं त्यांनी वेल्डरला गोड आवाजात विचारलं. वेल्डरला शब्द काही कळले नाहीत, पण चालीवरून मेस्त्रींना ताप आला असावा असं वाटून तो पाणी घेऊन आला. पुन्हा विचारलं तेव्हा तो घरात जाऊन मेस्त्रीणबाईंना घेऊन आला. राग आला की दहापर्यंत आकडे मोजावेत, असं कुणीतरी सांगितलं होतं. पण चारच्या पुढे तोंडातून काय निघेल याचा भरवसा नव्हता, म्हणून तो नादही सोडला.

उपाय शेवटी बायकोने सांगितला, तोही कांदा चिरता चिरता.

"गिळताय कशाला? उलट्या करा," ती म्हणाली. "शिवी देताना माणसाच्या घरादाराचं वाईट चिंतता ना? मग घरदार तेच राहू द्या आणि चांगलं चिंता."

"आणि आवाज?"

"आवाज देवाने दिलाय. तो त्याचं तो बघेल."

पाचव्या दिवशी एक बोल्ट निम्म्यात तुटला. मेस्त्री पेटले, आणि शिवीच्या जुन्याच चालीवर, तितक्याच तारस्वरात, "तुझं भलं होवो" म्हणून गरजले. वेल्डरने निमूट दहा-अकराचा पाना पुढे केला. मेस्त्रींनी तो पाना दोन्ही हातांनी घेतला. वर्षानुवर्षं हरवलेली म्हैस आपण होऊन दारात यावी, तसं त्यांना झालं.

काम पूर्ववत झालं, गिऱ्हाइकांची मात्र त्रेधा उडाली. एका ट्रकवाल्याने गाडी मागे घेताना ऑइलचं पिंप आडवं केलं. मेस्त्री हातात पाना घेऊन त्याच्या अंगावर धावले, "तुझा उभा जन्म सुखात जावो, तुझ्या बापाला उदंड आयुष्य मिळो." तो चपला टाकून पळाला. मेस्त्री आता सुधारले नसून करणी करायला लागले आहेत, असं त्याने चहाच्या टपरीवर सांगितलं.

योग असा, की त्याचा बाप सहा महिने अंथरुणाला खिळला होता, तो त्याच आठवड्यात उठून बसला आणि जेवायला मागू लागला. झालं. ट्रकवाला चपला न्यायला आला तो दोन सोबती घेऊन. सगळ्यांना आशीर्वाद हवे होते. मेस्त्रींनी हात जोडून शांतपणे दिले, तर मंडळींची तोंडं पडली.

"तसला नको हो मेस्त्री," एक जण म्हणाला. "दातओठ खाऊन देता ना, त्यातला द्या."

आता राग काय सांगून येतो? मग त्यातल्या एका कनवाळू माणसाने, गरज ओळखून, नुकत्याच बसवलेल्या हेडलाइटवर लाथ मारली. त्यानंतर जो आशीर्वाद निघाला त्यात त्याची पोरं नोकरीला लागली, घरावर पक्कं छत आलं आणि सासूसुद्धा सुधारली. तो माणूस धन्य होऊन हेडलाइटचे पैसे देऊन गेला.

पण या धंद्यात एक अडचण होती, ती मेस्त्रींना हळूहळू उमगली. शिवीला काही माहिती लागत नाही. आई-बाप सगळ्यांना असतात, तेवढ्यावर भागतं. भलं चिंतायचं म्हटलं की चौकशी करावी लागते. एकदा वेल्डरने गरम सळई त्यांच्या पायाशी टाकली, मेस्त्रींनी "तुझ्या लेकरांचं..." अशी झोकात सुरुवात केली आणि मध्येच अडकले. याला लेकरं किती? आहेत तरी का? वीस वर्षं एकाच डब्यातला घास खाल्ला, आणि हे ठाऊक नाही.

त्यांनी वेल्डरच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं. एक मुलगी, तो म्हणाला, नर्सचं शिकतेय, पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. आणि नव्वदीची आई आहे, ती रोज भांडते, पण भांडली नाही तर घरात करमत नाही. हे सांगताना वेल्डरचा चेहरा उजळला होता. कुणी विचारलंच नव्हतं त्याला. त्या दिवशी डब्यातला मोठा वाटा मेस्त्रींनी त्याच्यापुढे सरकवला. त्यानंतर घणासाठीच्या आशीर्वादात वेल्डरच्या मुलीचे मार्क रोज वाढत गेले.

रोज संध्याकाळी हात धुतले की ते बायकोपुढे उभे राहायचे आणि शाळकरी पोरासारखं विचारायचे, "आज?" ती म्हणायची, "आज स्वच्छ." एकदाच वाद झाला. माशीला ते "मर" म्हणाले होते. साक्षीदाराने विचार करून निकाल दिला, की ती शिवी नव्हे, ती माशीला केलेली सूचना होती.

तिसाव्या दिवशी लेक आली, कडेवर चिमणी घेऊन, आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. सोबत हेडमास्तर होते, आपल्या खोकणाऱ्या छोट्या गाडीतून आलेले. मास्तरांचं मत पक्कं होतं. छत्तीस वर्षं पोरांचं अक्षर सुधारता सुधारता त्यांचं स्वतःचं बिघडलं होतं, तेव्हा महिन्याभरात जीभ सुधारते यावर त्यांचा विश्वास बसणं अवघड. पण गाडी दाखवायची होतीच, तेव्हा एका दगडात दोन पक्षी.

मेस्त्रींनी बॉनेट उघडून आत डोकं घातलं. त्यांचं सगळं लक्ष खरं तर मागे उंबऱ्याकडे होतं. मास्तरांना त्यांनी आत बसून फक्त किल्ली फिरवायला सांगितलं. मास्तर सावधपणे वाकले, किल्ली शोधू लागले, आणि त्यांचं कोपर हॉर्नवर पडलं.

मेस्त्री दचकून उसळले. डोकं बॉनेटवर आपटलं, आधाराची दांडी निसटली आणि बॉनेट धाडकन त्यांच्या चार बोटांवर आलं.

मेस्त्रींनी बोटं सोडवून घेतली. आधी त्यांचे कान लाल झाले, मग मान, मग टक्कल. बायकोने पदर तोंडाला लावला. लेकीने चिमणीचा एक कान खांद्याशी दाबला, दुसरा हाताने झाकला. मेस्त्री मास्तरांच्या खिडकीपाशी गेले, छाती भरून श्वास घेतला, आणि पत्रे थरथरतील अशा आवाजात सुरू झाले.

"मास्तर, तुमच्या दोन्ही गुडघ्यांचं भलं होवो! तुमच्या डोळ्यांना शेवटपर्यंत बारीक अक्षर दिसो, तुमचे उरलेले नऊ दात जागच्या जागी राहोत, तुमच्या सुनेला, म्हणजे माझ्या लेकीला, तुमच्या घरात कधी रडू न येवो, आणि तुमच्या सात पिढ्या सुखात नांदोत!"

शेवट वर वर चढत गेला होता. वेल्डरला तेवढंच ऐकू आलं. त्याने धावत जाऊन साखळीची कप्पी आणली, मास्तरांच्या गाडीच्या तोंडाला आकडा अडकवला आणि कुणी काही म्हणायच्या आत साखळी ओढली. गाडीचं नाक वर गेलं. आत मास्तर पाठीवर आडवे झाले, तोंड वर, डोळे मिटलेले. देवाशी बोलायच्या मेस्त्रींच्या आसनात ते आयुष्यात पहिल्यांदाच आले होते.

त्यांना खाली उतरवून टायरवर बसवलं, पाणी दिलं. मास्तरांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला.

"माझे दात नऊ आहेत, हे तुम्हाला कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

मेस्त्री ओशाळले. तुमच्यावर कधी राग आलाच तर ऐनवेळी अडायला नको, म्हणून बायकोकरवी लेकीकडून सगळी माहिती काढून ठेवली होती, असं त्यांनी खरं ते सांगितलं.

"छत्तीस वर्षं शाळेत काढली," मास्तर म्हणाले. "पोरं माझ्या पाठीमागे काय काय म्हणायची ते मी ऐकलंय. पण माझ्या गुडघ्यांचं कुणी इतकं मनापासून ओरडून..." आणि ते पुन्हा चष्मा पुसू लागले.

इतक्यात चिमणी कडेवरून घसरून खाली उतरली. तिच्या हातात तोच लाकडी घोडा होता आणि त्याचं तेच चाक पुन्हा निखळलं. तिने घोडा जमिनीवर टाकला आणि कमरेवर हात ठेवले. पोरीने छाती भरून घेतली आणि आजोबांच्याच चालीत, दगडाला तडा जाईल अशा आवाजात, घोड्याला म्हणाली, "तुझं भलं होवो."

लेकीने मास्तरांकडे बघितलं. निकाल त्यांनीच द्यायचा होता.

"शब्द उत्तम आहेत," मास्तर म्हणाले.

"आणि आवाज, मामंजी?"

"आवाज तिच्या आजोळचा आहे," मेस्त्रीणबाई मध्येच म्हणाल्या. "त्याला आता इलाज नाही."

लेक हसली. उंबऱ्याच्या आत तिचा पाय पडला तेव्हा ती अजून हसतच होती. वेल्डर आपण होऊन दहा-अकराचा पाना घेऊन चिमणीसमोर उभा होता. मेस्त्री पेटीकडे गेले, वरच्या कप्प्यातून चपला काढल्या आणि गुडघ्यावर बसून नातीच्या पायात घातल्या. त्यांच्या सुजलेल्या बोटांना पट्टा काही लावता येईना. तेव्हा मास्तर वाकले, गुडघे वाजले, आणि त्यांनी तो लावून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेस्त्री पुन्हा ट्रकखाली सरकले. बाहेर टायरवर चिमणी बसली होती, तिचे पाय त्यांना तिथून दिसत होते. देवा, त्यांनी मनापासून सांगितलं, तू माझं काम केलंस, आता मी तुला काय देऊ, मी एक ग्रीसमध्ये बुडालेला माणूस. एवढं म्हणतात तोच वरून सुटलेला बोल्ट टपकन त्यांच्या कपाळावर पडला.

"तुझंही भलं होवो," मेस्त्री वर बघून गरजले.

वरून काही उत्तर आलं नाही. बाजूने मात्र वेल्डरचा हात आत आला, आणि त्यात दहा-अकराचा पाना होता.