निकोडे गुरुजींचा बाहेरचा वर्ग

"माह्या पोरीले बाहेर काऊन बसवता? सांगा! आधी थे सांगा, मंग दुसरी गोठ!"

दसरू नैताम आमच्या मिडल शाळेच्या दारात उभा राहून ओरडत होता. एका खांद्यावर कुऱ्हाड, दुसऱ्यावर मोळीचा दोर. कुऱ्हाडीचं काही नाही म्हणा. आमच्या धानोऱ्याकडे माणूस लग्नाला निघाला तरी खांद्यावर कुऱ्हाड असतेच. पण त्या दिवशी ती जरा जास्तच चकाकत होती. आवाज तर असा, की छपरावरची कवेलं दोन बोटं खाली सरकली. आम्ही सातवीची पोरं होतो. मी खिडकीतून उडी मारायची तयारी करून ठेवली आणि मग आठवलं, की खिडकीला गज आहेत.

"वर्षभर पाहून राह्यलो," दसरू म्हणाला. "बाजाराले जातो, मैनी बाहेर. मोळी घेऊन येतो, मैनी बाहेर. सारे लेकरं आत, माही एकटी झाडाखाली! आमच्यात जातपंचायतीनं टाकलेला माणूस असा बाहेर बसते, गुरुजी. डोस्क्यात काई शिरत नाई तर तसं सांगा ना! मोह गळून राह्यला, वेचाले हात पायजे. देऊन टाका माही पोरगी."

निकोडे गुरुजींनी खडू खाली ठेवला आणि हसले. तलवार पाजळून आलेल्या माणसाला ते असेच "या, पाणी घ्या" म्हणाले असते.

आता हे गुरुजी कोण ते सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्हालाही दसरूसारखंच वाटेल. गुरुजी ब्रह्मपुरीकडचे. अंगानं इतके बारीक, की धोतर नेसले आहेत की धोतरानं त्यांना नेसलं आहे, हे लांबून कळत नसे. देवानं सगळं सामान आवाजात भरलं होतं. वर्गात कुणी सगळ्यांच्या आधी गणित सोडवून पाटी पालथी घातली, की गुरुजी गर्जायचे, "झालं? मंग बाहेर हो!" ही गर्जना इथे झाली की तिकडे गडचिरोलीच्या बाजारात गिऱ्हाईकं आपापल्या दुकानांतून मुकाट बाहेर पडत. एकदा तर व्हरांड्यात पट्टेदार वाघ येऊन बसला. गुरुजी फळ्याकडे तोंड करून होते. मागे न पाहताच ओरडले, "बाहेर कोण आहे? गणित झालं नसंल तर आत ये!" वाघ त्या दिवसापासून आमच्या शिवारात दिसला नाही. खोटं वाटत असेल तर वाघाला विचारा.

तर हे बाहेर काढणं म्हणजे शिक्षा नव्हे. बाहेर मोहाचं झाड होतं, त्याखाली सारवलेली जागा होती आणि तिथे गुरुजींनी रोज एक नवं, अवघड काम मांडून ठेवलेलं असायचं. तलावाचं पाणी पाटानं इतकं सुटलं तर कुणाचं धान आधी भिजेल? शाळेची कवेलं नव्यानं घालायची तर किती लागतील? पुस्तकात उत्तर नाही, गुरुजींनाही आधी ठाऊक नसे. "ज्याले कळलं त्याले पुन्हा सांगणं म्हणजे भरल्या पोटी आंबील पाजणं," ते म्हणत. "थो पीत नाई, सांडते. अन् मंग आपण म्हणतो, लेकरू वांड आहे."

शेजारच्या गावचे मास्तर हुशार पोरांना कच्च्या पोरांची पाढ्यांची उजळणी घ्यायला बसवत आणि स्वतः पान जमवत. गुरुजींना त्याचा भारी राग. "हुशार लेकरू म्हणजे मास्तराचा फुकटचा गडी नोहे," म्हणायचे. आणि ज्याची दहा गणितं झाली त्याला तसलंच अकरावं देणाऱ्याबद्दल ते जे म्हणत, ते इथे लिहिता येणार नाही. सुटीच्या आधी बाहेरच्या पोराला आत येऊन सगळ्यांसमोर उभं राहावं लागे, पण शाबासकी घ्यायला नाही. "काय जमलं थे ठेव तुह्यापाशी. काय अडलं थे सांग." ज्याचं काहीच अडलं नाही, त्याचं तोंड गुरुजी अशा काळजीनं बघत, जसं काही त्याला हिवताप आला आहे.

बाहेरची सावली पाहून एकदा मीही पाटी पालथी घातली. कोरी. गुरुजींनी पाटी उलटून पाहिली नाही, फक्त मला पाहिलं आणि पाठवलं बाहेर. तिथे पाटाच्या पाण्याचं गणित होतं. घटकाभरात माझ्या डोक्याला असा घाम सुटला, की पाटाला पाणी वाढलं असेल. दाराशी येऊन म्हणालो, "गुरुजी, मले आत घ्या जी." म्हणाले, "ये वामन, आत लय जागा आहे."

मैनी मात्र जवळपास रोजच बाहेर. पाचवीत आली तेव्हा तिला मराठी जेमतेम यायची. आधीच्या मास्तरांनी तिला कोपऱ्यात बसवून ठेवलं होतं. आम्ही पावकीचा पाढा घोकायचो आणि ती बोटानं जमिनीवर रेघा ओढत बसायची. गुरुजी आले, दोन दिवस त्या रेघा वाकून पाहत राहिले आणि तिसऱ्या दिवशी तिच्यापुढे मांडी घालून बसले. "उंदी, रंड, मूंद," त्यांनी गोंडीत मोजायला सुरुवात केली. पुढचं येईना. मैनीनं ते पुरं केलं आणि पावकीही पुरी केली, आमच्याहून आधी. त्या दिवशी तिच्यासाठी पहिलं "बाहेर हो!" झालं. पोरगी रडायलाच लागली होती. काम पाहिलं आणि डोळे पुसले.

आता तिची सातवीची परीक्षा तोंडावर आली होती. ती दिली तर पुढचं शिकायला चांद्याला जाता येणार होतं. आणि बाप दारात उभा, मोहावर न्यायला.

"दसरूभाऊ," गुरुजी म्हणाले, "नेजा पोरीले. तुमची पोरगी, मी कोण? पण जराक आत बसा. वर्ग कसा होते थे तर पाहा."

दसरू कुऱ्हाड भिंतीला टेकवून माझ्या शेजारी बांबूच्या तट्टीवर बसला. गुरुजींनी गणिताचं पुस्तक मिटलं, वाचनाचं उघडलं आणि धडा काढला: मोहाचे उपयोग.

"मोह हा एक मोठा वृक्ष आहे," गुरुजींनी सावकाश वाचलं. "मोहाची फुले फाल्गुन-चैत्रात गळतात. केव्हा गळतात?"

"फाल्गुन-चैत्रात!" आम्ही ओरडलो.

"वामन, समजलं?"

गुरुजींच्या डाव्या भुवईची एक खूण मला ठाऊक होती. "नाई जी," मी म्हणालो. आता मी गुरुजींना साथ देत होतो, की मला खरंच समजलं नव्हतं, यावर गावात अजून दोन मतं आहेत.

"मोह हा एक मोठा वृक्ष आहे," गुरुजींनी पुन्हा सुरू केलं. दसरूनं मान खाजवली. तिसऱ्यांदा फुलं गळली तेव्हा त्यानं मांडी बदलली, चौथ्यांदा गळली तेव्हा छपराच्या काड्या मोजल्या. जन्मभर मोह वेचलेला, मोह खाल्लेला माणूस! पाचव्यांदा गुरुजींनी "मोह हा" म्हणताच तो ताडकन उठला.

"अजी गुरुजी, किती खेपा थेच थे सांगून राह्यले! मले कळलं ना!"

"वामनले नाई कळलं. बसा."

"याले नाई कळलं त मी काऊन बसू? डोस्कं फिरून राह्यलं माहं!"

"कळलं तुम्हाले?"

"लहानपणीच कळलं!"

"मंग," गुरुजींनी छाती भरून घेतली, "बाहेर हो!"

दसरू बाहेर पडला, तो थेट मोहाच्या झाडाखाली. काय झालं ते त्याला पायरी उतरता-उतरता समजलं असावं, कारण तिथे तो मध्येच थांबला आणि आत वळून पाहिलं. मग पोरीजवळ गेला. आम्ही सारे दारात गोळा झालो.

मैनीनं जमिनीत काडी रोवली होती. काडीची सावली मोजायची, मोहाची सावली मोजायची आणि त्यावरून मोहाची उंची काढायची, असं त्या दिवशीचं काम.

"किती उंच निंगला?" दसरूनं विचारलं.

"सव्वीस हात, बा."

"झाडावर न चढता?" दसरू हसला. "मी पाह्यतो."

तो दोर कमरेला बांधून माकडालाही लाज वाटेल असा सरसर वर गेला. तोवर बाजाराच्या वाटेवरची माणसं, त्यांची गुरं आणि मला वाटतं चार-दोन कावळेसुद्धा, अशी निम्मी पंचक्रोशी गोळा झाली. वजन पेलेल त्या शेवटच्या फांदीवरून त्यानं दोर खाली सोडला, खूण बांधली, उतरला आणि कोपरापासून बोटापर्यंत दोर मोजू लागला.

"बावीस," तो म्हणाला. पुन्हा मोजला. "बावीसच. चार हात चुकली."

कुणीतरी खी: करून हसलं. दसरूचं तोंड उतरलं. पोरगी चुकली म्हणून त्याला बरं वाटलं नव्हतं, हे मला दारातूनही दिसत होतं. "चाल," तो हळूच म्हणाला. "चाल मोहावर."

मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. शाळा तपासायला आलेल्या डिप्टी साहेबांसमोर टेबल आपटणारा हा माणूस, पण आता एक अक्षर बोलेना. दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून उभा होता. बाहेरच्या कामात आपण तोंड घालायचं नाही, हा नेम त्यांनीच घातलेला.

मैनीनं बापाच्या हातून दोर घेतला. खाली बसली. आपल्या हातानं मोजायला लागली, कोपरापासून बोटापर्यंत, घाई नाही. शेवटाला आली आणि म्हणाली, "पंचवीस. अन् शेंडा राह्यला ना वर."

"कसे पंचवीस? आता तर बावीस होते!"

मैनीनं आपला हात बापाच्या हाताला लावून धरला. कोपराला कोपर. तिचं मधलं बोट त्याच्या बोटाच्या खालच्या पेरावर येऊन थांबलं.

दसरू त्या दोन हातांकडे पाहत राहिला. मग मान वर करून झाडाच्या शेंड्याकडे पाहिलं, जिथे तो पोचला नव्हता. पुन्हा हाताकडे. मग दोर गुंडाळला, वर्गातून कुऱ्हाड उचलून आणली, खांद्यावर टाकली आणि मघा हसलेल्या माणसाकडे असा पाहून निघाला, की तो माणूस अजून कुठे हसला असेल तर माझ्या कानावर नाही.

पोरीला 'चाल' म्हणाला नाही. 'थांब'ही म्हणाला नाही.

गुरुजींना धीर धरवेना. धोतर सावरत ते त्याच्यामागे फाटकापर्यंत धावले. ज्या आवाजानं वाघ पळाला, तो आवाज त्या वेळी दहा पावलांवर ऐकू येईना.

"दसरूभाऊ! अजी भाऊ! उद्या पाठवसान ना पोरीले?"

दसरूनं मागे वळूनही पाहिलं नाही.

"उद्या इतवार आहे," तो म्हणाला.