चिंधी बांधलेली पऱ्हाटी

मी खामगावच्या एका कॉलेजात बारावीला जीवशास्त्र शिकवायचे. अर्धसूत्री विभाजन हा माझा हातखंडा विषय. गुणसूत्रांच्या जोड्या जुळतात, तुकड्यांची अदलाबदल करतात, मग वेगळ्या होतात. म्हणून संकरित झाडाच्या दोन बिया सारख्या निघत नाहीत. हे मी रंगीत खडूंनी इतकं छान काढायचे की फळा पुसायचं जिवावर यायचं.

आई पिंपळगाव राजाला कपाशी पेरायची. तिचा हातखंडा बियाण्याचा. वेचणीआधी शेत फिरून ती सगळ्यात चांगल्या पऱ्हाट्यांना, म्हणजे कपाशीच्या झाडांना, जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधायची. त्यांचा कापूस वेगळा वेचायचा, त्यांची सरकी घरीच काढायची. गावातल्या बायका पेरणीआधी तिच्याकडून वाटीभर तरी सरकी न्यायच्या.

मग अळी न लागणारी बीटी कपाशी आली. पाकिटातल्या संकरित बियाण्याचं पहिलं पीक पाहून आई खूश झाली आणि चिंध्या घेऊन निघाली. पुढच्या पेरणीच्या तोंडावर एका रविवारी मी तिच्यासोबत अंगणात बसून त्या चिंधीवाल्या झाडांची सरकी पेरण्यासाठी शेणमातीत चोळली. वर्गात विभाजनही शिकवलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं माझ्या डोक्यात आलं नाही.

झाडं उगवली ती जत्रेला जमल्यासारखी. एक कमरेला, शेजारचं गुडघ्याला. एकाला बोंडं, दुसरं नुसतंच पानांनी माजलेलं. काहींना अळी शिवत नव्हती, काहींना सोडत नव्हती.

आई बांधावर उभी राहून म्हणाली, "माही नजर गेली वं."

मी खाली बसले, काडीने मातीत गुणसूत्रं काढली. संकरित झाडाचे गुण पुढच्या बियाण्यात असे विखुरतात, नजर कितीही चांगली असली तरी, हे सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मंग माह्या हातानं नाई बिघडलं?"

"नाई."

"तुले हे मालूम होतं?"

"हाव."

"अन् सरकी तर तू माह्यासंगच चोळत होती."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या वर्षी आईने पाकीट आणलं. वाटी घेऊन कोणी आलं नाही. दिवाळीत शेतात गेले, तर एका पऱ्हाटीला चिंधी बांधलेली.

"हे काऊन? बी तर धरायचं नाई ना?"

"नाई धरत," आई म्हणाली. "चांगलं झाड अजून ओयखू येते का, तेवढं पाह्यते."