उरलेली टेप

खोपटच्या एसटी डेपोसमोर माझं झेरॉक्सचं दुकान होतं आणि त्याला चिकटून चंदूचं 'दर्या रेकॉर्डिंग'. दुकान कसलं, एक काउंटर, रेकॉर्डवरून कॅसेट भरायचे दोन डेक, एक रेकॉर्ड प्लेअर आणि घामेजलेला चंदू. चेंदणी कोळीवाड्यातला हा गडी. घरात सगळे होडीवर नाहीतर बाजारात, आणि याला वेड इंग्लिश आरडाओरड्याचं. रॉक म्हणा, मेटल म्हणा, मला तर पत्र्यावर कोणी दगड घासतंय असंच वाटायचं. पण त्या रेकॉर्डांच्या कव्हरांच्या झेरॉक्स मीच काढायचो. त्यात कवट्या काळ्या डागांसारख्या यायच्या, तरी पोरं त्यावर खूष.

दाराबाहेर चंदूचा फळा होता. एका बाजूला 'आले', दुसऱ्या बाजूला 'येणार'. विलायतेत नवा अल्बम निघणार म्हटलं की त्याचं नाव 'येणार'खाली चढायचं आणि वर्तकनगर, माजिवड्याची कॉलेजची पोरं ते असं वाचायची, जसा काही बोर्डाचा निकाल लागलाय.

माल आणायचा दामाजी, चंदूचा थोरला भाऊ, जहाजावर खलाशी. तो रेकॉर्ड पाठवायचा आणि सोबत स्वतःच्या आवाजातली एक कॅसेट. त्याला लिहिण्याचा कंटाळा आणि आईला, चंद्रभागाबाईला, वाचता येत नव्हतं. मग हा एका बाजूला, ती बाजू संपेपर्यंत, बोलत बसायचा. बाई बाजारातून मासळी विकून आली की हातपाय धुऊन टेपपुढे बसायची आणि 'व्हय रं', 'जेवलास का' अशी उत्तरं द्यायची. त्यावर कोळीवाड्यात कोणी हसत नसे. बऱ्याच घरांतली माणसं अशीच टेपवर यायची.

कॅसेटच्या कडेचा छोटा प्लास्टिकचा तुकडा मोडला की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. दामाजी तो दर वेळी आठवणीने मोडायचा.

एकोणनव्वद साली 'ग्रेव्ह लँटर्न' नावाच्या बँडचा अल्बम फळ्यावर 'येणार'मध्ये इतका रेंगाळला की पोरं चंदूला टोमणे मारू लागली. डोंबिवलीत कोणा दुकानदाराने आपल्याकडे आधी येणार अशी हवा केली होती. चंदूची झोप उडाली. त्या फळ्याशिवाय जगात त्याला मान देणारं दुसरं काही नव्हतं. आणि एक दिवस दामाजीचा सोबती पार्सल घेऊन आला. त्यात रेकॉर्ड होती आणि कॅसेट होती. चंद्रभागाबाई एकवीरेला गेली होती. ती आल्यावर ऐकू म्हणून कॅसेट बाजूला राहिली आणि चंदूने 'येणार' पुसून 'आले' लिहिलं.

मग जी झुंबड उडाली! संध्याकाळपर्यंत कोऱ्या कॅसेट संपल्या. नेमका तेव्हा सुधीर उगवला, वर्तकनगरचा, या पोरांचा पुढारी. "मला आत्ताच्या आत्ता पाहिजे. नाहीतर मी चाललो डोंबिवलीला, आणि सगळ्यांना घेऊन जातो," म्हणाला.

चंदू माझ्याकडे सेलोटेप मागायला आला. त्याच्या हातात दामाजीची कॅसेट होती.

"अरे, भावाची आहे ना ती? ऐकली तरी का?"

"गणपतीला येतोच आहे तो. काय ते तोंडानेच सांगेल. नेहमीचंच असतं, शेठ, सुकट पाठवा न् होडीला रंग लावा."

मोडलेल्या तुकड्याच्या भोकावर त्याने सेलोटेप चिकटवली, म्हणजे पुन्हा भरता येतं, आणि भावाच्या आवाजावर तो धिंगाणा भरला. एरवी अल्बम संपून टेप उरली तर हा त्या जागेत एखादं गाणं टाकायचाच, रिकामी टेप देणं त्याला लाजिरवाणं वाटे. त्या दिवशी घाईत ते राहून गेलं.

आठवडाभरात सुधीर टोळकं घेऊन आला, पोट धरून हसत. "चंदू, अल्बमच्या शेवटी तो मच्छीवाला कोण रे? एवढा कर माझ्यासाठी! बाकी मना काय नको! चला, टेप संपली!" त्याने दामाजीचा हेल अगदी हुबेहूब उचलला होता. सगळे खिदळले. लाज वाटून चंदूही हसला. पुढे ती कॅसेट पोरापोरांत फिरली आणि ते वाक्य त्यांच्या तोंडीच बसलं. वडापाव मागताना 'एवढा कर', कोणी निघालं की 'चला, टेप संपली'.

गणपतीच्या आधी तार आली. दामाजी वादळात डेकवरून पाण्यात गेला होता. प्रेतही मिळालं नाही.

बाई रडली नाही. पार्सल आणणारा सोबती भेटायला आला, त्याच्या तोंडून तिला टेपचं कळलं होतं. म्हणाली, "त्याची टेप आयली होती ना? लाव."

चंदू वर्तकनगरला धावला. मी सोबत होतो. सुधीरच्या घरी त्याचे वडील अण्णा पेपर वाचत होते. चंदूने सगळं सांगितलं. सुधीर म्हणाला, "देतो की. पण मग माझं काय? ती ओरिजिनल रेकॉर्ड दे."

मला वाटलं अण्णा कानाखाली काढतील. त्यांनी पेपरचं पान उलटलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. व्यवहार म्हणजे व्यवहार." असल्या शहाण्या माणसांची मला शिसारी येते.

चंदूने रेकॉर्ड आणून दिली आणि कॅसेट घेतली.

बाई टेपपुढे बसली. ढोल, गिटारी, किंचाळ्या. तिने पदर कानावर ओढला, पण उठली नाही. सगळा गोंगाट थांबला आणि दामाजी आला, मध्येच तुटलेला. "...एवढा कर माझ्यासाठी. बाकी मना काय नको. चला, टेप संपली."

"काय कराला सांगतंय तो?" बाईने विचारलं.

चंदूला कुठे ठाऊक होतं? "सगळ्यांना सांभाळ म्हनला, आये."

"तो आयकव मना."

तेव्हा त्याला खरं सांगावं लागलं. ती पुन्हा त्याच्याशी बोलली नाही, मरेपर्यंत. त्याच्या दुकानात मात्र रोज यायची, बोटाने कॅसेट दाखवायची, तो अख्खा गोंगाट सोसायची आणि शेवटचं वाक्य ऐकून निघून जायची. मग त्याने काय सांगितलं असेल ते एकेक करून बघायची. होडीला रंग लावला. एकवीरेला बोकड दिला. दामाजीच्या मनात भरलेल्या मालूला मागणी घालायला सांगितलं असेल म्हणून तिच्या घरी गेली, आणि त्यांनी दारातूनच हाकलली. लेकीचं नाव मेलेल्या माणसाशी कोण जोडू देणार? काहीही केलं तरी संध्याकाळी दामाजी तेच म्हणायचा, एवढा कर. चंदूने फळा कधीच उतरवला होता, पोरं डोंबिवलीला जाऊ लागली होती.

एका संध्याकाळी बाई दुकानातून बाहेर पडली तर डेपोपाशी एक अनोळखी पोरगा मित्राला म्हणत होता, "एवढा कर माझ्यासाठी, बाकी मना काय नको." तोच हेल, तोच आवाज. बाई टोपली टाकून धावली आणि तिने त्याचा हात धरला.

"तुला येतंय सगळा? त्याच्या आधी काय हाय रं? आधी काय बोल्ला तो?"

पोरगा गोंधळला. मासळीचा वास लागलेला हात त्याने हळूच सोडवून घेतला.

"आधी? आधी गाणं आहे, आजी," तो म्हणाला आणि बस पकडायला पळाला.